काच आतून तडकली होती

सर, तुमच्या दशक्रियेला कंपनीचे साहेब आले होते. पांढरा शर्ट, काळा गॉगल आणि दोन माणसांनी उचलून आणलेलं भलंमोठं पुष्पचक्र. इंद्रायणीच्या घाटावर निघोज्यातली, मोशीतली, कुरुळीतली माणसं दाटीवाटीनं बसली होती. प्रवचन संपलं आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. दोन माजी सरपंच बोलले. एका पतसंस्थेचे अध्यक्ष बोलले, त्यात तुमच्यापेक्षा स्वतःबद्दलच जास्त. मग माईक साहेबांच्या हातात गेला. ते म्हणाले, "तडकलेल्या काचेचं विमान सुखरूप खाली आणणारा हा वीर आमच्या कंपनीचा अभिमान होता."

टाळ्या वाजवायची ती जागा नव्हती, तरी मागं कुणीतरी वाजवल्याच.

मी बायकांच्या बाजूला शेवटच्या पायरीवर बसले होते. खाली पाण्यावर कारखान्यांचा पांढरा फेस साचला होता. हेच साहेब चौकशीच्या खोलीत माझ्यासमोर बसले होते आणि तुम्ही घाबरलात, तुम्हाला भास झाला, असं मला समजावून सांगत होते. तेव्हा तुम्ही जिवंत होता. आता मेल्यावर वीर झालात.

तुम्ही तिथं असता तर हसला असता. "बोलू दे गं, त्याला बी नोकरी हाय," म्हणाला असता. तुमचं हे मला कधीच पटलं नाही. आजही पटत नाही.

आपली पहिली भेट कंपनीच्या गाडीत झाली. गाडी तुम्हाला निघोज्यातून घ्यायची, मोशीवरून पिंपरीत यायची, मला घ्यायची आणि लोहगावच्या विमानतळाकडं निघायची. मी नवीकोरी कोपायलट आणि तुम्ही तिथले सगळ्यात जुने कॅप्टन. मी आत बसून नमस्कार केला. तुम्ही विचारलंत, "पिंपरीत कुठं राहतेस?"

हा प्रश्न माझ्या लहानपणापासूनच्या ओळखीचा. पिंपरीत कुठं, मग आडनाव काय, मग मूळ गाव कुठलं, आणि मग समोरच्याचा चेहरा किंचित बदलतो. मी ताठ बसून म्हटलं, "कुठं म्हणजे?"

"अगं, ह्या बोळातनं गाडी वळवताना ड्रायव्हर रोज शिव्या घालणार. पुढच्या चौकात येऊन थांबशील का, एवढंच इचारतोय."

ड्रायव्हर आरशातून हसला. मीही हसले. पुष्कळ दिवसांनी मी तुम्हाला सांगितलं, की त्या दिवशी मला काय वाटलं होतं. तुम्ही खरोखर चकित झालात. "मला तसं सुचलंच न्हाई गं," म्हणालात. मी म्हटलं, "न सुचणं हीसुद्धा एक चैन असते, सर. आमच्या घरात ती कुणाला परवडली नाही." तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. थर्ड शिफ्ट सुटलेल्या कंपन्यांच्या बसगाड्या शेजारून जात होत्या, आत सगळे माना टाकून झोपलेले. तो वाद तिथंच राहिला.

तुमच्याशी भांडायला विषय पुष्कळ होते. कँटीनमध्ये तुम्ही परस्पर दोन मिसळी सांगायचात. मला सकाळी तिखट चालत नाही, हे सांगून मी थकले. "खा, अंगाला लागंल." कॉकपिटमध्ये तुम्ही मला पोरी म्हणायचात. मी म्हटलं, सर, मी इथं पोरगी म्हणून बसलेली नाही. मग आठवडाभर तुम्ही मला 'फर्स्ट ऑफिसर साहेब' म्हणत होता आणि केबिन क्रू तोंड लपवून हसत होता. दुसऱ्याचं भलं कशात आहे ते तुम्हीच ठरवायचं, त्याला विचारायचं नाही, ही तुमची खोड. मायेनं करायचात, म्हणून तिच्यावर चिडताही यायचं नाही. मी तरीही चिडायचे.

पण विमान कसं चालवायचं ते मी तुमच्याकडूनच शिकले. सिम्युलेटरमध्ये शिकवतात ते वेगळं. तुम्ही शिकवलंत ते म्हणजे, गडबडीच्या वेळी हात आधी मांडीवर ठेवायचे आणि मग बटणाकडं न्यायचे. तेवढ्या एका क्षणात माणूस जागेवर येतो.

त्या दुपारी आपण पुण्याहून दिल्लीला निघालो होतो. विमान भरलेलं. नर्मदा मागं पडली होती आणि तुम्ही मला तुमच्या वांग्यांवर पडलेल्या किडीबद्दल सांगत होता. त्या विमानाच्या डाव्या काचेवर बर्फ धरू नये म्हणून असलेल्या हीटरची कुरकूर आधीपासून होती; तो बिघडला तर काच तडकू शकते. दोनतीन वैमानिकांनी तक्रार केली होती आणि दर वेळी 'तपासलं, ठीक आहे' असं उत्तर येऊन विमान परत उडत होतं. हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं.

फाट्कन आवाज झाला. तुमच्यासमोरची काच एका झटक्यात पांढरी झाली, बर्फाचा चुरा थापावा तशी. पलीकडचं आकाश दिसेनासं झालं.

"काच गेली," तुम्ही म्हणालात. दुधाची पिशवी फुटली म्हणावं तशा आवाजात.

माझे हात मांडीवर गेले. तुमचेही गेले, मी पाहिलं. मग पट्टे आवळले, ऑक्सिजनचे मास्क चढवले, काचेचा हीटर बंद केला. ही काच एका थराची नसते. एकावर एक चिकटवलेले थर असतात. बाहेरचा थर तडकला तर फारसं बिघडत नाही, विमान ठरल्या ठिकाणी जाऊ शकतं. आतला तडकला तर मात्र उंची सोडून खाली यायचं, कारण आतल्या हवेचा दाब कमी केला नाही तर उरलेली काच किती वेळ टिकेल हे कुणी सांगू शकत नाही. कुठला थर गेलाय ते ओळखायची रीत अगदी साधी. आतून काचेवर नख फिरवायचं. सरकलं तर आतला थर शाबूत. अडकलं तर फुटलेला.

तुम्ही नख फिरवलंत. थांबलात. परत फिरवलंत. मग मास्कमधून तुमचा आवाज आला, "प्रज्ञा, तू बघ. मला काय वाटलं ते मी सांगत न्हाई. तू बघून सांग."

मी खांद्याचा पट्टा सैल केला, वाकले, मधल्या खांबाजवळ काचेवर नख फिरवलं. ते अडकलं. बारीक, खरखरीत कंगोरा होता. बोटाच्या टोकाला काचेची कणी लागली.

"आतला गेलाय, सर."

"मला बी तसंच लागलं. चल खाली."

त्या दिवशी तुम्ही मला पोरी म्हणाला नाहीत.

तुम्ही कंट्रोलशी बोललात, भोपाळ मागून घेतलंत, प्रवाशांना अगदी शांतपणे सांगितलंत. विमान खाली येऊ लागलं तशी काच करकरत होती. दर थोड्या वेळानं एक बारीक आवाज यायचा आणि आपण दोघंही तिच्याकडं न बघता कामाकडं बघत होतो. मग तुम्ही म्हणालात, "मला समोरचं काय बी दिसत न्हाई. विमान तुझ्या हातात राहू दे. उतरवशील?"

"उतरवते."

"बघ हां. नको वाटत असंल तर आत्ता सांग, दुसरं काहीतरी करू."

"उतरवते, सर."

वारा आडवा होता. धावपट्टीच्या कडेला अग्निशमनाच्या गाड्या उभ्या दिसत होत्या. तुम्ही फक्त वेग आणि उंची मोठ्यानं वाचत होता, बाकी एक शब्द नाही. हात गुडघ्यावर. मला नंतर कळलं, की आपल्यासमोर भिंत असताना दुसऱ्याच्या हातात विमान देऊन हात गुडघ्यावर ठेवून बसणं हे उतरवण्यापेक्षा अवघड आहे. चाकं टेकली, एकदा उडाली, परत टेकली आणि धरून राहिली.

विमान थांबल्यावर तुम्ही मास्क काढलात, कपाळ पुसलंत. "पहिल्यांदा जरा उडवलंस. बाकी बरं होतं."

दार उघडल्यावर बऱ्याच जणांनी हात जोडले. एक बाई माझा हात धरून रडली. आणि एक काका फोनवर चित्रण करत तुमच्यावर ओरडले, "दिल्लीला नेता येत नाही तर बसवता कशाला?" तुम्ही त्यांची माफी मागितलीत. मला तेव्हाच राग आला होता. माफी कसली?

पुढचे काही दिवस कौतुकात गेले. आमच्या चौकात माझा फ्लेक्स लागला, 'पिंपरीच्या कन्येची गगनभरारी', त्यात माझ्यापेक्षा इथल्या भाऊंचा फोटो मोठा. बाबा रोज संध्याकाळी तिथपर्यंत चालत जाऊन यायचे. मग हळूहळू वारं फिरलं. आतला थर तडकला असं मान्य केलं, तर हीटरच्या तक्रारींवर काय केलंत, हा प्रश्न येणार होता. काच कधीच बदलून झाली होती. काढलेली काच पुन्हा कुणाला दिसली नाही. अहवालात आलं, आतला थर शाबूत होता, वैमानिकांनी घाईनं चुकीचा निष्कर्ष काढला, विमान वळवण्याची गरज नव्हती.

मी चौकशीत सांगितलं, नख अडकलं होतं. दोघांचंही. साहेब मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. मग म्हणाले, "तुमच्या कॅप्टननी तर लिहून दिलंय. म्हणतात, गडबडीत तसा भास झाला असावा, चूक माझी आहे. तुम्ही तरुण आहात, ताणाखाली होता. तुमचा काही दोष नाही."

तुमचा काही दोष नाही! माझ्या आयुष्यात इतका मोठा अपमान कुणी इतक्या गोड शब्दांत केला नव्हता. माझ्या बोटाला लागलेलं खोटं, माझं उतरवणं विनाकारण आणि वर मला माफी. आणि हे सगळं तुमच्या सहीनं.

बाबांनी ऐकून घेतलं. भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये आयुष्य काढल्यामुळं त्यांना ऐकायला कमी येतं, मला दोनदा सांगावं लागलं. त्यांनी त्यांच्या कंपनीतला लांबलेला संप पाहिला होता, त्यात स्वतः बसले होते. म्हणाले, "आधी माणसाला एकटं गाठतात. मग लिहून घेतात. तुझ्या कॅप्टनसाहेबांना एकदा जाऊन भेट."

मी भेटले. तुम्ही घरामागच्या गोदामाच्या भिंतीलगत, उरलेल्या चार वाफ्यांत मेथीला पाणी सोडत होता. तोवर तुम्हाला उडण्यावरून काढून ट्रेनिंगच्या टेबलावर बसवलं होतं. मी उभ्याउभ्याच विचारलं, "सर, तुमचं नख अडकलं होतं की नव्हतं?"

"बस तरी. मंदे, चहा टाक गं," तुम्ही काकूंना हाक मारलीत.

"अडकलं होतं की नव्हतं?"

तुम्ही पाण्याची नळी एका वाफ्यातून दुसऱ्यात टाकलीत. "आता मला न्हाई आठवत."

"मला बघायला सांगितलंत. तुम्हाला काय वाटलं ते आधी सांगितलं नाहीत, मी खरं सांगावं म्हणून. आणि आता म्हणता आठवत नाही?"

"जाऊ दे प्रज्ञा. तुझं उडणं चालू हाय न्हवं? मग झालं तर."

"तुम्ही भ्यालात," मी म्हटलं.

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मला वाटलं, आता तरी चिडाल, काहीतरी बोलाल. तुम्ही म्हणालात, "व्हय. तसं समज."

मी चहा न घेता निघाले. त्यानंतर आपण बोललो नाही. मी फोन केला नाही, तुम्हीही केला नाहीत. मला त्याचा पश्चात्ताप होत नाही, सर. श्रद्धांजलीत असं म्हणायचं नसतं, पण मला जे माहीत होतं तेवढ्यावर मी बरोबर होते.

नंतर तुम्ही मुदतीआधीच नोकरी सोडलीत. निघोज्यात लोक म्हणायला लागले, दत्ता पायलट वर घाबरला होता, विमान शेवटी त्या पोरीनं उतरवलं. हे माझ्या कानावर यायचं. तुमच्याही येत असणार. ज्या गावात तुम्ही पहिल्यांदा गणवेश घालून आलात तेव्हा शाळा सोडून पोरं मागं धावली होती, त्याच गावात तुम्ही पारावर बसणं सोडलंत.

आणि मग त्या सकाळी वाफ्यांतच तुमच्या छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका आली, तुम्हाला घेऊन निघाली आणि चाकणच्या तळेगाव चौकात अडकली. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, शेजारी कामगारांच्या बसगाड्या. सायरन ओरडत होता आणि कुणालाच सरकायला जागा नव्हती. काकू तुमचा हात धरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, तुम्ही एकदाच बोललात, "ड्रायव्हरला वरडू नका. त्याच्या हातात काय बी न्हाई." कंटेनर हलले तोवर तुम्ही गेला होतात. त्या उंचीवरून फुटक्या काचेनिशी माणसं खाली आणलीत आणि घरापासून थोड्याच अंतरावर तुम्हाला वाट मिळाली नाही. ह्याचा राग मी कुणावर काढायचा?

घाटावरची माणसं जेवायला मांडवाकडं गेली, तेव्हा काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. मी काहीबाही सांत्वनाचं बोलायला लागले. त्यांनी मला थांबवलं.

"तुला एक सांगायचंय. ह्यांनी शपथ घातली होती, सांगायची न्हाई म्हणून. आता ते न्हाईत, शपथ कुणाची पाळू?"

मग त्यांनी सांगितलं. साहेबांनी तुम्हाला एकट्याला बोलावलं होतं. आतला थर तडकला होता, ह्यावर तुम्ही ठाम राहिलात तर चौकशी लांबणार. मग एवढ्या नवीन पायलटच्या हातात तसलं विमान दिलंच कसं, हे निघणार. पोरीला उडण्यावरून उतरवावं लागेल, परत परीक्षा, परत तपासण्या, दोनेक वर्षं सहज जातील, आणि एवढं झाल्यावर तिला कुणी घेईल का, सांगता येत नाही. त्यापेक्षा तुम्ही चूक मान्य करा, विषय संपतो. तुम्ही घरी येऊन काकूंना म्हणालात, "माझी उडायची वर्सं संपत आली. तिची आत्ता सुरू झाल्यात." आणि सही करून आलात.

काकूंना वाटलं मी रडेन. मला रडू आलं नाही. माझ्या कानशिलात जाळ झाला.

तुम्ही कोण होता हे ठरवणारे? विमान माझ्या हातात देताना तुम्ही मला विचारलंत. नको वाटत असेल तर सांग म्हणालात. अख्ख्या विमानाचा जीव टांगलेला असताना तुम्हाला मला विचारायला वेळ होता. आणि शांतपणे खुर्चीत बसून, पंख्याखाली, माझ्या खरेपणाचा सौदा करताना एक फोन करावासा वाटला नाही? मी काय म्हणाले असते ते तुम्हाला ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाहीत. दोन वर्षं घरी बसले असते, सर. माझे बाबा संपात महिनोन्‌महिने घरी बसले, आई त्या दिवसांत लोकांच्या घरी पोळ्या करायला गेली. घरी बसण्यानं आम्ही मोडत नाही. तुमच्या डोळ्यांसमोर कुठली प्रज्ञा होती कोण जाणे. माझ्या शेजारी बसून इतके दिवस उडालात, तरी तुम्हाला मी सांभाळायची पोरच वाटत राहिले.

आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. तुमच्या त्या एका सहीमुळं काचेची चौकशी तिथंच संपली. हीटरची तीच कुरकूर असलेली विमानं अजून उडतात. त्यांत मी बसते, माझ्यामागं भरलेल्या खुर्च्या असतात. तुम्ही मला वाचवलंत आणि त्याच काचेमागं परत नेऊन बसवलंत. हे तुमच्या लक्षात आलं नसेल, असं मी मानत नाही. आलं असणार, आणि तरी तुम्ही वाफ्याला पाणी सोडत राहिला असणार. 'तुम्ही भ्यालात' म्हटल्यावर माझ्याकडं पाहिलंत, ते डोळे मला आता कळतात. माझं बोलणं तुम्ही गिळलंत, गावाचं गिळलंत. त्याबद्दल मी तुमच्या पाया पडते. मी गेली दोन वर्षं रोज आकाशात जाते ती तुमच्यामुळं, हे नाकारायचा नतद्रष्टेपणा माझ्याकडून होणार नाही. पण माफ मात्र मला अजून करता येत नाही.

साहेब मांडवाबाहेर गाडीपाशी उभे होते. मी गेले.

"साहेब, माईकवर वीर म्हणालात. मग तो अहवाल बदलणार का?"

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "प्रज्ञा, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण ही ती जागा नाही."

"जागा तुम्हीच निवडलीत."

ते गाडीत बसले. काच वर गेली. मागं उभ्या असलेल्या काकूंनी सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "आता काय करणारेस?"

"सरकारी चौकशी कार्यालयात लेखी देणार. नावानिशी. माझं विमान काढून घेतलं तर घेऊ देत."

काकूंनी पदर खोचला. "मग मी बी येते. ह्यांनी मला काय सांगितलं ते मी सांगीन. शपथ मोडलीच हाय, आता पुरी मोडू."

सोमवारी आम्ही दोघी जाणार आहोत. बाबा सोबत यायचं म्हणतात, ऐकायला येत नसलं तरी बाहेर बाकावर बसतो म्हणाले. तुम्ही असता तर आडवे आला असता. नको म्हणाला असता, तुझं उडणं चालू हाय न्हवं म्हणाला असता, आणि चहा टाकायला लावला असता. म्हणून तुम्हाला आधी कळवतेय.

कळवतेय, सर. विचारत नाही.